‘नाही’ न म्हणणारा मित्र

कुसंगतीविषयी आपल्याकडे उपदेशाला तोटा नाही. ढवळ्याशेजारी पवळ्या बांधला तर वाण नाही पण गुण लागतो, हे शाळेत पाऊल टाकण्याआधीच आपल्या कानावरून गेलेले असते. आईबापांना ही म्हण फार सोयीची वाटते. आपला मुलगा बिघडला तर तो दुसऱ्याच्या मुलामुळे बिघडला, असे त्यांना बिनदिक्कत म्हणता येते. मौज अशी, की त्या दुसऱ्या मुलाच्या घरी त्याच वेळी नेमके उलटे बोलणे चाललेले असते!

आज ज्या कादंबरीविषयी मला चार शब्द सांगायचे आहेत, तिचा विषयही कुसंगती हाच आहे. एका तरुणाला एक मित्र भेटतो. त्या मैत्रीपायी खून पडतात, एक घराणे धुळीला मिळते आणि अखेर तो तरुण स्वतःच्या हाताने गळफास लावून घेतो. कथा इतकीच असती, तर आपल्या म्हणीचे आणखी एक उदाहरण म्हणून तिच्याकडे पाहता आले असते. पण तसे नाही. या कादंबरीतला मित्र त्या तरुणाला नवे असे काहीच शिकवत नाही. तरुणाला जे आधीच पटलेले आहे, त्याला तो फक्त ‘हो’ म्हणतो. पहिल्या भेटीपासून शेवटच्या भेटीपर्यंत त्याच्या मताला तो एकदाही ‘नाही’ म्हणत नाही. आणि एवढ्या एका गोष्टीतून जी भीती निर्माण होते, ती पडक्या वाड्यातल्या किंवा पिंपळावरच्या भुताने होत नाही.

ही कादंबरी १८२४ साली लंडनच्या लाँगमन या प्रकाशकांनी छापली. नाव लांबलचक आहे : ‘द प्रायव्हेट मेम्वार्स अँड कन्फेशन्स ऑफ अ जस्टिफाइड सिनर’. म्हणजे, ईश्वराने निर्दोष ठरवलेल्या एका पाप्याच्या खासगी आठवणी आणि त्याचा कबुलीजबाब. पुस्तकावर लेखकाचे नाव नव्हते. लेखक होता जेम्स हॉग, स्कॉटलंडच्या दक्षिणेकडील एट्रिक खोऱ्यातला एक मेंढपाळ. १७७० साली तो जन्मला. घरची गरिबी इतकी, की शाळेचे तोंड त्याने जेमतेम काही महिने पाहिले. लहानपणापासून तो दुसऱ्यांची गुरे आणि मेंढ्या राखत असे. लिहिणे-वाचणे तो थोरपणी आपल्याआप शिकला. पण त्याची आई मार्गारेट लेडलॉ ही जुन्या पोवाड्यांची आणि गाण्यांची खाण होती. सर वॉल्टर स्कॉट जेव्हा सरहद्दीवरची लोकगीते गोळा करीत हिंडत होता, तेव्हा या माउलीने त्याला गाणी सांगितली. आणि ती छापून आल्यावर, ही गाणी म्हणण्यासाठी होती, वाचण्यासाठी नव्हती, तुम्ही छापून त्यांचा नाश केलात, अशी त्याची कानउघाडणीही केली. अशा आईच्या मांडीवर वाढलेला हा लेखक. हे ध्यानात ठेवा, कारण पुढे त्याचा उपयोग आहे.

आता कथा. काळ सतराव्या शतकाच्या अखेरीचा आणि अठराव्याच्या सुरुवातीचा. डॅलकॅसलचा जमीनदार खाऊन-पिऊन सुखी, मोकळ्या स्वभावाचा. त्याचे लग्न झाले एका कर्मठ बाईशी. लग्नाच्या रात्रीपासूनच दोघांचे फाटले. एकाच घरात दोन मजल्यांवर दोन संसार सुरू झाले. मुलगे दोन. थोरला जॉर्ज बापाजवळ वाढला. तो दिलदार, खेळकर, चारचौघांत रमणारा. धाकटा रॉबर्ट आईजवळ, आणि तिचे धर्मगुरू रेव्हरंड रिंगिम यांच्या छायेत वाढला. जमीनदाराने धाकट्याला आपला म्हटलेच नाही. रिंगिमनी त्याला आपले नाव दिले. आणि त्यावरून लोक काय कुजबुजत असतील, ते तुम्ही ताडलेच असेल.

या रिंगिमसाहेबांचे मत समजून घेतल्याशिवाय कादंबरी समजणार नाही, म्हणून ते थोडक्यात सांगतो. स्कॉटलंडमध्ये १५६० साली धर्मसुधारणा झाली आणि जॉन नॉक्सच्या पुढारीपणाखाली तेथे कॅल्विनचे मत रुजले. या मताप्रमाणे मोक्ष कोणाला द्यायचा हे ईश्वराने सृष्टीच्या आधीच ठरवून ठेवले आहे. माणसाच्या पुण्याईने तो मिळत नाही. केवळ ईश्वराच्या कृपेने मिळतो. आता, विचारी आणि भाविक माणसाला हे मत नम्र करते. माझ्या हाती काही नाही, सारे त्याच्या हाती, असे तो म्हणतो आणि सरळ मार्गाने चालतो. पण एखाद्या गर्विष्ठ माणसाच्या डोक्यात हेच मत शिरले, तर तो उलटा हिशेब मांडू शकतो. मी निवडलेल्यांपैकी आहे; निवड कधी रद्द होत नाही; म्हणजे मी काहीही केले तरी माझा मोक्ष अढळ आहे! स्कॉटलंडच्या चर्चने हा हिशेब कधी मान्य केला नाही; धर्मशास्त्रात त्याला पाखंडच म्हणतात. रिंगिमसाहेब मात्र तो मान्य करून बसले आहेत, आणि रॉबर्टला त्यांनी तोच पाजला आहे.

हॉगची टीका या हिशेबावर आहे, धर्मावर नव्हे. हे आपल्याकडच्या वाचकाला मुद्दाम सांगायला हवे. मुंबईचे विल्सन कॉलेज ज्यांच्या नावाने ओळखले जाते, ते डॉ. जॉन विल्सन याच सरहद्द-मुलखातल्या लॉडर गावी जन्मलेले. ही कादंबरी निघाल्यानंतर अवघ्या पाच वर्षांनी, १८२९ मध्ये, ते मुंबईला उतरले आणि शाळा-कॉलेजात, भाषांच्या अभ्यासात त्यांनी उभा जन्म घालवला. चर्चची शिकवण तीच, मुलूख तोच. तेव्हा शिकवण काय आहे, एवढेच विचारून भागत नाही. ती कोणत्या मनात पडली, हेही विचारावे लागते.

रॉबर्टचे मन कसे होते? येथे हॉगने मोठी सावध पावले टाकली आहेत. मित्र भेटण्यापूर्वीच्या रॉबर्टची हकिकत तो रॉबर्टच्याच तोंडून वदवतो. शाळेत मॅकगिल नावाचा एक मुलगा लॅटिनमध्ये रॉबर्टच्या पुढे असतो. रॉबर्ट गुरुजींची वेडीवाकडी चित्रे काढतो आणि ती मॅकगिलच्या नावावर खपवतो. मॅकगिलला मार बसतो. घरचा जुना नोकर जॉन बार्नेट याने या पोराचे पाणी ओळखलेले असते. रॉबर्ट कागाळ्या करून त्याला नोकरीवरून घालवतो. आणि हे सारे सांगताना त्याला लाज म्हणून वाटत नाही! आपल्या हातून ही धर्मसेवाच घडली, असा त्याचा सूर असतो. तेव्हा श्रोतेहो, पवळ्या मुळात चांगला होता, ही समजूत येथेच सोडून द्या.

१७०४ सालचा मार्च महिना. रॉबर्टला नुकतेच अठरावे वर्ष लागले आहे. त्या दिवशी रिंगिमसाहेब त्याला जाहीर करतात, की तू निवडलेल्यांपैकी आहेस, याची खूण मला पटली. रॉबर्टच्या आनंदाला पारावार उरत नाही. तो रानात निघून जातो. पाय जमिनीवर ठरत नाहीत. इतर माणसे त्याला किड्यामुंगीसारखी वाटू लागतात. आणि नेमक्या त्याच घटकेला समोरून एक तरुण चालत येतो. जवळ येतो तो काय! तोच चेहरा, तोच बांधा, तेच कपडे. रॉबर्ट जणू आरशातच पाहत असतो.

दुसऱ्या कोणाची बोबडी वळली असती. रॉबर्टला वाटते, हा माझा रक्षक देवदूत असावा.

दोघे बोलत बसतात. मित्राला धर्मशास्त्र तोंडपाठ. रिंगिमसाहेबांवर त्याची भक्ती. रॉबर्ट जे मत मांडील, ते त्याला मान्य. किंबहुना तो ते आणखी एक पाऊल पुढे नेतो. इतके पुढे, की रॉबर्टलाच क्षणभर बिचकल्यासारखे होते. पण ज्या वाटेवर आपणच पहिले पाऊल टाकले, तिच्यावर दुसऱ्या पावलाला हरकत कशी घ्यायची? त्या संध्याकाळी गप्पांच्या नादात रॉबर्टची प्रार्थना राहून जाते.

घरी आल्यावर आई आणि रिंगिम त्याचा चेहरा पाहून दचकतात. हा कोणाला भेटून आला? सैतानाशी तर गाठ पडली नाही ना? रिंगिमसाहेब परीक्षा घेतात. ते विचारतात, तो तरुण आपल्या मताचा होता का? रॉबर्ट सांगतो, तंतोतंत आपल्या मताचा. झाले! मग तो सैतानाचा हस्तक असणे शक्य नाही, असा निकाल मिळतो.

हा प्रसंग दीड-दोन पानांचा असेल. पण सबंध कादंबरी मला त्यात दिसते. रिंगिमसाहेब मूर्ख नाहीत. सैतान असतो हे त्यांना ठाऊक आहे, तो रूपे घेतो हेही ठाऊक आहे. चूक त्यांच्या कसोटीत आहे. तो माणूस भला आहे का, त्याच्या संगतीत मुलगा शांत झाला की अस्वस्थ झाला, यांतले काही ते विचारत नाहीत. तो आपल्यासारखा बोलतो का, इतकेच विचारतात. आपल्यासारखा बोलणारा तो आपला, या एका कसोटीवर विसंबणाऱ्या घरात सैतानाला खिडकीतून चढावे लागत नाही. त्याला पुढच्या दाराने बोलावतात आणि पाटावर बसवतात.

मित्राचे नाव रॉबर्ट पुष्कळ दिवसांनी विचारतो. तूर्त मला गिल-मार्टिन म्हण, एवढेच उत्तर मिळते. आईवडिलांविषयी विचारले, तर एकच पालक आहे आणि त्याला मी मानत नाही, असे तो सांगतो. वाचकाच्या अंगावर काटा येतो. रॉबर्टला मात्र उलगडा होत नाही. तो एक निराळाच तर्क चालवतो. रशियाचा झार पीटर गुप्तपणे युरोपात हिंडतो, असे त्याच्या ऐकण्यात आलेले असते. (पीटर १६९७-९८ मध्ये खरोखरच तसा हिंडला होता.) हा आपला मित्र तोच असणार! तेव्हापासून मित्राच्या प्रत्येक गूढ बोलण्याचा अर्थ तो झारच्या दरबाराशी लावतो. हा विनोद आहे, आणि जबर विनोद आहे. ‘मी एवढा मोठा, मग माझा मित्रही तसाच मोठा असणार,’ हा त्याच्या पोटातला भाव.

या गिल-मार्टिनच्या अंगी एक कला आहे. ज्याच्या चेहऱ्याकडे तो एकाग्रतेने पाहील त्याचा चेहरा त्याला येतो, आणि चेहऱ्याबरोबर त्या माणसाचे विचारही कळू लागतात. म्हणजे समोरच्याला काय ऐकायचे आहे, ते या मित्राला आधीच समजते. खुशमस्कऱ्याला याहून मोठे भांडवल कोणते हवे?

आता या मैत्रीचा पहिला बळी कोण, ते पाहा. मिस्टर ब्लँचर्ड नावाचे एक वृद्ध, सत्त्वशील धर्मोपदेशक आहेत. ते रॉबर्टला बाजूला घेऊन सांगतात, की बाबा रे, तुझ्या या सोबत्याचे बोलणे मला धोक्याचे वाटते. धर्माची तत्त्वे इतकी ताणली तर त्यांचा अनर्थ होतो. सबंध कादंबरीत रॉबर्टच्या हिताचे, त्याच्या तोंडावर, शांतपणे बोलणारा हा जवळजवळ एकटा माणूस. आणि मित्र सुचवतो, की हा माणूस धर्माला घातक आहे, याला दूर केला पाहिजे. रॉबर्ट कचरतो, आजारी पडतो, पण अखेर जातो. रानात दबा धरून तो त्या वृद्धावर पिस्तूल झाडतो. ‘नाही’ म्हणणारा पहिल्याने नाहीसा होतो. मग मित्राचे काम फार सोपे होते.

दुसरा बळी सख्खा भाऊ. रॉबर्ट एडिंबरोला येतो आणि जॉर्जची पाठ धरतो. जॉर्ज टेनिस खेळायला गेला, की हा तेथे. चर्चमध्ये बसला, की हा समोर. मारत नाही, शिव्या देत नाही. फक्त जवळ येऊन उभा राहतो आणि पाहतो. कंटाळून जॉर्ज एके दिवशी पहाटे एकटाच आर्थर्स सीट या टेकडीवर जातो. एडिंबरो शहराला लागूनच ही टेकडी आहे, उंची सुमारे २५० मीटर. खाली धुके दाटलेले, वर कोवळे ऊन, धुक्यावर इंद्रधनुष्याचे लहानसे कडे. जॉर्जचे मन कित्येक दिवसांनी प्रसन्न होते. इतक्यात समोरच्या ढगावर त्याला एक अवाढव्य काळी आकृती दिसते. डोळे त्याच्यावर रोखलेले. चेहरा भावाचा! जीव घेऊन तो मागे वळतो, आणि पाठीशी दबकत आलेल्या खऱ्याखुऱ्या भावावरच आदळतो.

आता, यात चमत्कार काही नाही. ऊन पाठीमागून आले, समोर धुके असले, तर सावली धुक्यावर पडते आणि राक्षसासारखी मोठी दिसते. जर्मनीतल्या ब्रोकेन शिखरावरून या देखाव्याला नाव पडले आहे. आपल्याकडे हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावरून पावसाळ्यात इंद्रवज्र दिसते, ते याच जातीचे. हॉगने मेंढ्या राखताना अशी सावली स्वतः पाहिली होती आणि पुढे तिच्यावर लेखही लिहिला. म्हणजे घटनेचा शास्त्रीय खुलासा लेखकाच्या खिशात आहे, आणि तरीही भीती उणावत नाही. उलट वाढते. कारण सावलीचा खुलासा झाला, तरी मागे उभ्या असलेल्या भावाचा खुलासा कोणी करायचा?

त्यानंतर एका रात्री जॉर्जचा खून होतो. कादंबरीची रचना अशी आहे, की ही हकिकत आपण दोनदा वाचतो. पहिल्या भागात एक ‘संपादक’ शंभर वर्षांनंतर जुने कागद आणि दंतकथा जुळवून ती सांगतो. दुसऱ्या भागात रॉबर्ट स्वतः सांगतो. संपादकाच्या हकिकतीत बेल कॅल्व्हर्ट नावाची एक बाई खिडकीतून सारे पाहते : एक जण जॉर्जशी समोरून लढत होता, आणि दुसऱ्याने मागून येऊन तलवार खुपसली. रॉबर्टच्या कबुलीत मात्र तो समोरासमोर शौर्याने लढला, असे येते. लगेच पुढे तो कबूल करतो, की त्या घटनेची माझी स्वतःची आठवण थोडी वेगळी होती. पण माझ्या थोर मित्राने मला नंतर असेच सांगितले.

या वाक्यापाशी मी दर वेळी थांबतो. स्वतःच्या हाताने भावाला मारले, आणि कसे मारले हे मित्राला विचारावे लागते! मित्राने त्याचे मत घेतले, विवेक घेतला. आता आठवणही घेतली. ज्याच्यापाशी स्वतःची आठवण उरली नाही, त्याला पश्चात्ताप तरी कशाचा होणार? पश्चात्ताप व्हायला आपण काय केले ते आपलेपणाने आठवावे लागते.

पुढची उतरण वेगाने होते. मुलाच्या दुःखाने बाप मरतो, रॉबर्ट डॅलकॅसलचा मालक होतो. मग एक दिवस जाग येते तेव्हा लोक त्याला सांगू लागतात, की तुम्ही महिनोन् महिने दारू पिऊन धुंद होतात, तुम्ही एका मुलीला फसवलेत, असे असे केलेत. त्याला काहीच आठवत नाही. कधी त्याला वाटते, की माझ्याच रूपात दुसरा कोणी वावरतो आहे. आजारपणात तर तो एक नव्हे, दोन माणसे आहे असे त्याला वाटे. आणि मौज म्हणजे त्या दोहोंत तो स्वतः नसेच. एक असे मित्र, आणि दुसरा असे भाऊ! आता तो मित्राला विनवतो, की मला सोड. मित्र मात्र सोडायला तयार नाही. आपण दोघे इतके एक झालो आहोत, की तू जाशील तेथे मी असणारच, असे तो प्रेमाने सांगतो. मित्राच्या शब्दांत शेवटपर्यंत कठोरपणा नाही, हे लक्षात घ्या.

या काळोख्या भागात हॉगने एक लोककथा घातली आहे. रॉबर्टचा नोकर सॅम्युअल स्क्रेप ती अस्सल गावरान स्कॉट बोलीत सांगतो. ऑख्टरमख्टी नावाच्या गावी एक परका उपदेशक येतो. काय त्याची वाणी! सारा गाव वेडा होतो. फक्त रॉबिन रुथव्हेन नावाचा एक म्हातारा पुढे होतो आणि त्याच्या झग्याचे टोक वर उचलतो. खाली दुभंगलेले खूर! तेव्हापासून त्या गावाला चांगल्या प्रवचनाचीच धास्ती बसली, असे स्क्रेप सांगतो. पाहा, विद्वान रिंगिमसाहेब मते तपासत बसले आणि फसले. अडाणी म्हाताऱ्याने पाय पाहिले. मार्गारेट लेडलॉच्या मुलाला ही गोष्ट कोठून सुचली असेल, ते सांगायला नको.

अखेर आईचे आणि त्या मुलीचे प्रेत सापडते आणि रॉबर्ट पळतो. एका विणकराच्या घरी तो रात्रीपुरता आसरा घेतो, तर मागाच्या सुतात गुंतून उलटा लटकतो. एडिंबरोच्या छापखान्यात काम धरून तो आपली हकिकत छापू लागतो, तर तेथे सैतान वावरतो अशी ओरड होऊन छापलेले कागद नष्ट केले जातात. शेवटी सरहद्दीच्या डोंगरात मेंढ्या राखत तो उरलेली डायरी लिहितो. शेवटची तारीख १८ सप्टेंबर १७१२.

यानंतर संपादक पुन्हा पुढे येतो. शंभर वर्षांनी त्याचे थडगे उकरले जाते, प्रेताजवळ हस्तलिखित सापडते. आणि संपादक काय म्हणतो? मला यातले काही समजले नाही. हा लेखक वेडा असावा! आणखी एक गंमत म्हणजे ही मंडळी थडग्याची वाट दाखवायला एका मेंढपाळाकडे जातात. तो मेंढपाळ साक्षात जेम्स हॉग! बाजारात मेंढ्या विकायच्या आहेत, असल्या उद्योगाला मला सवड नाही, असे सांगून तो त्यांना वाटेला लावतो. या थडग्याविषयी हॉगने खरोखरच ऑगस्ट १८२३ च्या ‘ब्लॅकवुड्स मॅगझिन’मध्ये पत्र छापले होते, त्यामुळे खरे कोठे संपले आणि कल्पित कोठे सुरू झाले, हे वाचकाला कळू नये, अशी त्याने तजवीजच केली.

वर्गात या कादंबरीविषयी सांगितले, की एक प्रश्न हटकून येतो. ‘सर, गिल-मार्टिन खरा होता, की रॉबर्टच्या डोक्यातला?’ मी त्यांना दोन्ही बाजूंचा पुरावा देतो. तो इतरांनाही दिसतो. बेल कॅल्व्हर्टने त्याला पाहिले आहे. म्हणजे नुसता भास नव्हे. पण रॉबर्टला जे हवे त्यापलीकडे तो कधी जात नाही. म्हणजे निव्वळ बाहेरचाही नव्हे. फ्रेंच लेखक आंद्रे गीद याने १९४७ सालच्या आवृत्तीला प्रस्तावना लिहिली, तेव्हा या सैतानाची शक्ती मनाच्या व्यापारातून येते, ही गोष्ट त्याला विशेष वाटली. त्याच्या प्रस्तावनेनंतर या विसरलेल्या पुस्तकाकडे जगाचे लक्ष वळले.

माणसाचे दुसरे रूप हा विषय हॉगनंतर पुष्कळांनी हाताळला : १८३९ मध्ये एडगर अ‍ॅलन पो याने ‘विल्यम विल्सन’मध्ये, १८४६ मध्ये डोस्टोव्हस्कीने ‘द डबल’मध्ये, आणि १८८६ मध्ये एडिंबरोच्याच स्टीव्हन्सनने ‘डॉ. जेकिल आणि मि. हाइड’मध्ये. पण पोच्या कथेतले दुसरे रूप नायकाला पदोपदी अडवते. ते त्याच्या सदसद्विवेकाचे रूप आहे. स्टीव्हन्सनचा हाइड उघडउघड दुष्ट आहे. त्याला पाहताच लोक शहारतात. हॉगचा गिल-मार्टिन अडवतही नाही आणि किळसवाणाही नाही. तो सभ्य आहे, विद्वान आहे, प्रेमळ आहे. म्हणून मला तो तिघांहून भयंकर वाटतो.

हॉगला हे कोठून उमगले असेल? त्याच्या चरित्रात एक धागा आहे. ‘ब्लॅकवुड्स’मधल्या त्याच्या लेखक-मित्रांनी १८२२ पासून पुढे वर्षानुवर्षे एक संवादमाला चालवली. त्यात ‘शेफर्ड’ नावाचे एक पात्र असे : दारूवर प्रेम करणारा, मनाला येईल ते बोलणारा, अर्धा शहाणा, अर्धा गावंढळ. ते सोंग हॉगचे आहे, हे सगळ्यांना ठाऊक होते. जे तो कधी बोलला नाही, ते मित्रांनी त्याच्या तोंडी घातले. आणि लोकांना खऱ्या हॉगपेक्षा हा छापील हॉग अधिक आवडू लागला. आपल्या नावाने, आपल्या रूपाने दुसराच कोणी हिंडतो आहे आणि त्याला हिंडवणारे आपले स्नेहीच आहेत, हा अनुभव त्याला कल्पनेने मिळवावा लागला नाही. मरेपर्यंत, म्हणजे १८३५ पर्यंत, तो त्या मित्रांत उठत-बसत राहिला.

कादंबरीचे नशीबही तसेच. पहिली आवृत्ती खपली नाही. हॉगच्या निधनानंतर, १८३७ मध्ये, त्याच्या कथांच्या संग्रहात ती पुन्हा आली ती काटछाट होऊन. लेखकाच्या पुस्तकालाही कोणी त्याच्या हयातीत ओळखले नाही.

तर, हे पुस्तक आपण का वाचावे? ज्या धर्ममतावर ते रचले, त्या मताशी आपल्यापैकी बहुतेकांचा संबंध नाही. पण ‘मी निवडलेला आहे’ ही भावना काही एका पंथाची मिरासदारी नाही. कोणाला ती जातीची असते, कोणाला बुद्धीची, कोणाला आपल्या पक्षाची, कोणाला नुसत्या सोसलेल्या दुःखाची. ही भावना मनात घट्ट झाली, की गिल-मार्टिन फार दूर नसतो. आज तर आपल्याला आवडेल तेवढेच पुढे करणारी यंत्रे आपण खिशात घेऊन फिरतो. त्याला रानातून चालत येण्याचेही कष्ट उरलेले नाहीत.

आपल्या संतांनी निंदकाला जवळ राहू द्यावे असे सांगितले, त्यातले मर्म अशा वेळी कळते. मैत्री म्हणजे नुसते जुळणे असते, तर आरशाएवढा चांगला मित्र मिळाला नसता. आपला मित्र आपल्याला शेवटचा ‘नाही’ केव्हा म्हणाला, आणि त्यानंतर आपण त्याच्याशी कसे वागलो, हे प्रत्येकाने स्वतःशी आठवून पाहावे. रॉबर्टला असा एक माणूस मिळाला होता. त्याचे नाव ब्लँचर्ड.

कादंबरी फार मोठी नाही. पहिला भाग जरा सावकाश वाचावा लागतो, स्कॉट बोलीतले संवाद अडखळायला लावतात. पण तेवढी चिकाटी ठेवावी. आणि एकदा संपल्यावर पहिला भाग पुन्हा उघडावा. प्रथम वाचताना ज्या घटनांत आपण फक्त रॉबर्टचा दुष्टपणा पाहिला होता, त्या प्रत्येक घटनेत त्याच्या बाजूला आणखी एक जण उभा होता, हे मग दिसू लागते. एवढे सांगून आजचे भाषण पुरे करतो.